सायकल दुरुस्त करावी की नवी घ्यावी? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

डिसेंबर १९४१. जनरल यामाशिता यांच्या नेतृत्वाखालील जपानी सैन्य मलाया आणि दक्षिण थायलंडच्या किनाऱ्यावर उतरले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. सत्तर दिवसांत ब्रिटिश साम्राज्याचा पूर्वेकडील 'अभेद्य' किल्ला ढासळला. या पराभवाची चर्चा करताना रणगाडे, विमाने आणि ब्रिटिश सेनानींचा गाफीलपणा यांवर पुष्कळ लिहिले जाते. सायकलीवर मात्र क्वचितच.

या मोहिमेत हजारो जपानी सैनिक सायकलीवरून दक्षिणेकडे सरकत होते. रबराच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनीच बांधलेले उत्तम रस्ते त्यांच्या कामी आले. माघार घेणारे सैन्य पूल उडवून देई. जपानी सैनिक सायकली खांद्यावर घेत, नदी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा पायडल मारू लागत. बचाव करणाऱ्या फौजेचा जवळपास निम्मा भाग हिंदी सैनिकांचा होता, हेही येथे ध्यानात ठेवावे. या पाठलागाची झळ सर्वाधिक त्यांनाच बसली.

उष्णकटिबंधातील तापलेल्या डांबरावर, पाठीवर शस्त्र आणि शिधा घेऊन, दिवसाचे कित्येक तास चाललेल्या सायकली मोडणार नाहीत तर काय होईल? टायर फुटत, आरे तुटत, चेन तुटत. म्हणून तुकड्यांबरोबर सायकल दुरुस्त करणारे सैनिकही असत. त्यांना सुटे भाग कोठून मिळत, हा खरा प्रश्न. युद्धापूर्वीच्या दहा वर्षांत स्वस्त जपानी सायकली मलायाच्या बाजारपेठेत मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. गावोगावच्या दुकानांत, घरांत, अंगणांत त्याच मापाच्या सायकली उभ्या होत्या. सैनिकांनी त्या जप्त केल्या, काही सुटे भागांसाठी उलगडल्या, काही थेट वापरल्या.

टायर अगदीच निकामी झाले की ते काढून टाकून नुसत्या लोखंडी रिमवर सायकल हाकली जाई. मोहिमेच्या आखणीत महत्त्वाचा वाटा असलेला कर्नल त्सुजी मासानोबू आपल्या आठवणींत नोंदवतो की रात्रीच्या शांततेत तो खणखणाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आल्याचा भास होई. त्सुजी हा आत्मप्रौढीसाठी प्रसिद्ध असलेला माणूस, त्यामुळे त्याच्या या वर्णनात थोडे मीठमसाला असेल. सायकलींच्या दुरुस्तीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

मोडलेली सायकल दुरुस्त करावी की टाकून दुसरी घ्यावी, हा प्रश्न घरगुती आणि क्षुल्लक वाटतो. प्रत्येक मालक तो आपल्या खिशाकडे पाहून सोडवतो असेही वाटते. परंतु मलायात त्याचे उत्तर सैनिकाच्या हाती नव्हते. ते दहा वर्षे आधी व्यापाऱ्यांच्या गोदामांत ठरून गेले होते. सायकलीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात बहुतेक वेळा असेच घडले आहे.

आरंभीच्या काळाकडे पाहा. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन द्राइस यांनी दोन चाकांचे लाकडी यंत्र तयार केले. त्याला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारत पुढे जायचे. १८७०च्या दशकात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच झाले. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' बाजारात आणली. दोन सारख्या आकाराची चाके आणि मागचे चाक फिरवणारी साखळी अशी तिची रचना होती. उंच चाकाची सायकल कितीही उत्तम स्थितीत असली तरी काही वर्षांतच ती अडगळ ठरली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि भरीव रबराच्या टायरसाठी बनवलेल्या फ्रेमही मागे पडू लागल्या, कारण हवेचा जाड टायर त्यांच्या अरुंद चिमट्यात मावत नसे.

अशा काळात दुरुस्तीला अर्थ नसतो. यंत्राचा आराखडाच दर तीन-चार वर्षांनी बदलत असेल, तर जुने यंत्र नीट करणे म्हणजे कालबाह्य वस्तूवर पैसा घालणे. दुरुस्तीचे युग सुरू होते ते आराखडा स्थिर झाल्यावर. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सायकलीबाबत तसे घडले. समभुज चौकोनासारखी पोलादी फ्रेम, रोलरची साखळी, छर्ऱ्यांवर फिरणारे आस, तारेचे आरे, हवेचे टायर आणि फ्रीव्हील हे सारे एकत्र आले आणि पुढील सत्तर-ऐंशी वर्षे सामान्य माणसाच्या सायकलीत फारसे काही बदलले नाही. १९१० सालच्या इंग्लिश रोडस्टरला १९८० सालच्या भारतीय काळ्या सायकलीशेजारी उभे करा. नात्यातल्या दोघी आहेत हे कोणालाही कळेल.

मराठी मुलखात सायकल आली ती या स्थिर होण्याच्या काळातच, आणि तिच्यापाठोपाठ जे घडले ते महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील मोठे प्रकरण आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडते असे आढळले आणि रंगकाम सोडावे लागले. यांत्रिक आरेखन मात्र उत्तम जमले. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलीवरून जाताना पाहून त्यांना या वाहनाचे कुतूहल वाटले, असे सांगितले जाते. १८८८ मध्ये बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत; थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. पुढे संस्थेत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले आणि सायकलींच्या विक्रीला दुरुस्तीची जोड मिळाली.

त्या काळी सायकल ही महागडी विलायती वस्तू होती. श्रीमंत वकील, डॉक्टर, अंमलदार यांच्याकडेच ती असे. ती मोडली तर बर्मिंगहॅमहून नवी मागवण्यात महिने जात. साहजिकच दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मोल आले. परंतु येथे त्याहून महत्त्वाची गोष्ट घडत होती. विक्रेत्याला यंत्र बाहेरून दिसते, दुरुस्ती करणाऱ्याला आतून. कोणता भाग का झिजला, कोणते पोलाद कोठे वापरले, आट्यांचे माप काय, घर्षण कोठे होते, हे सारे तुटलेला भागच शिकवतो. विलायतेतील कारखाना पाहण्याची संधी नसलेल्या देशात मोडलेली सायकल हीच तंत्रशाळा होती.

त्याच बेळगावात लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडामुळे जमिनीला विषबाधा होते या समजुतीने शेतकरी नांगर घ्यायला धजेनात, तरी ते मागे हटले नाहीत. बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी आसरा दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. गडकोटांच्या अभ्यासकांना हे वाचून आजही वाईट वाटेल. पण एका राजाने तोफ जतन करायची की तिचा नांगर करायचा याचा निर्णय दुष्काळी मुलखाकडे पाहून घेतला होता, आणि तो निर्णय हलका नव्हता.

सायकलीकडे परत येऊ. आराखडा स्थिर झाला तरी दुरुस्ती सोपी होतेच असे नाही. एका कंपनीचा नट दुसऱ्या कंपनीच्या बोल्टवर बसला पाहिजे. १९०२ साली इंग्लंडमधील सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूट या संस्थेने सायकलीच्या आट्यांची मापे निश्चित केली. कोणत्या आसाला एका इंचात किती आटे, हे ठरले. कोणाच्याही नजरेत न भरणारा हा दस्तऐवज साम्राज्यभरच्या दुरुस्तीवाल्यांच्या पोटापाण्याचा आधार ठरला.

पण मापे ठरली म्हणून सर्वांनी पाळली असे नाही. पायडलचा आस ज्या पोकळीत फिरतो, तिला आपल्याकडचे मिस्त्री 'बीबी' म्हणतात. बहुतेक इंग्लिश सायकलींत तेथे इंचाला २४ आटे असत. नॉटिंगहॅमच्या रॅली कंपनीने स्वतःचे २६ आटे ठेवले. परिणाम असा की रॅलीचा कप झिजला तर रॅलीचाच कप लागे. दोन आट्यांचा फरक, पण त्या फरकाने ग्राहक कंपनीला बांधला जाई. आजच्या मोबाइलच्या चार्जरवरून होणारे वाद ज्यांना नवे वाटतात त्यांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा.

१९३०च्या दशकात जपानी सायकली आणि सुटे भाग आशियाभर पसरले ते मुख्यतः दोन कारणांनी. १९३१ अखेरीस येनचे मूल्य घसरले आणि जपानी माल अतिशय स्वस्त झाला. शिवाय हे भाग प्रचलित इंग्लिश धाटणीच्या सायकलींशी मिळतेजुळते होते. हिंदुस्थानातही ते आले. फ्रेम बर्मिंगहॅमची, चेन जपानी, सीट स्थानिक चांभाराने शिवलेली, अशा मिश्र सायकली रस्त्यावर दिसू लागल्या. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. तरीही अख्खी सायकल देशात तयार होण्याचे प्रमाण महायुद्धापर्यंत अगदी तुटपुंजे होते.

मग युद्ध आले. जपानी माल शत्रूचा माल झाला. इंग्लंडचे सायकल कारखाने दारूगोळ्याच्या कामाला जुंपले गेले. मलाया पडताच जगाच्या रबराचा मोठा स्रोत तुटला. नवी सायकल घेणे हा पर्यायच उरला नाही, त्यामुळे 'दुरुस्ती की नवी' हा प्रश्नही उरला नाही. ट्यूबवर ठिगळावर ठिगळ चढले.

त्या टंचाईतच पुढचे बी रुजले. १९४४ साली मुंजाल बंधू पश्चिम पंजाबातील कमालियाहून अमृतसरला आले आणि त्यांनी सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार सुरू केला. पुढे लुधियानात ते भाग स्वतः बनवू लागले आणि १९५६ मध्ये 'हिरो' या नावाने पूर्ण सायकल बाजारात आली. १९८६ मध्ये ही कंपनी जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. बेळगाव आणि लुधियाना यांच्यात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे, तरी वाट तीच दिसते. दोन्हीकडे कारखान्याआधी दुरुस्तीचे जग होते. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅली, सोनिपतला अ‍ॅटलस असे मोठे कारखाने उभे राहिले, पण साऱ्यांनी आराखडा तोच जुना इंग्लिश ठेवला: २८ इंची चाक, सळईचे ब्रेक, जाड पोलादी नळ्या. टीकाकार याला कल्पनाशून्यता म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की या स्थिरतेमुळेच चंद्रपूरच्या आडगावातल्या मिस्त्रीकडे मद्रासच्या सायकलीला लागणारा छर्रा असे.

हा मिस्त्री काय करत असे, तेही पाहण्यासारखे आहे. पंक्चर काढणे हे पोराटोरांचे काम: घमेल्यात पाणी, ट्यूब दाबून बुडबुडे शोधायचे, काचपेपरने घासायचे, सोल्युशन लावायचे, ठिगळ दाबायचे. चाकाची आउट काढणे हे त्याहून वरचे. चाक फिरवत, ब्रेकच्या गुटक्याजवळ नजर ठेवून, एकेक आरा पाव फेरा कसायचा किंवा ढिला करायचा. येथे घाई करणाऱ्याचे चाक अंड्यासारखे होते. वर्षातून एकदा 'ओव्हरऑइलिंग' करायचे. मूळ शब्द 'ओव्हरहॉलिंग', पण मराठी गॅरेजांनी त्याला तेलात बुडवून आपलासा केला. सारे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, खड्डे पडलेले बाजूला काढायचे, नवे ग्रीस भरायचे.

आणि मग 'आता हिच्यावर खर्च करू नका' असे सांगण्याची वेळ. जाणता मिस्त्री ते रंग किंवा गंज पाहून ठरवत नसे. तो मागच्या चाकाच्या खाचेपासून सुतळी ताणून हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणत असे. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे भरले तर फ्रेम सरळ. पुढून धडक बसलेल्या सायकलीत हँडलखालच्या जोडाशेजारी नळीवर बारीक सुरकुती येते; बोट फिरवले की कळते. सुरकुती असली की प्रकरण गंभीर. पितळेने जोडलेली पोलादी नळी तापवून बदलता येते, पण मजुरी फ्रेमच्या किमतीला जाऊन भिडते. चेनचेही गणित आहे. अर्ध्या इंचाच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. त्या एक-सोळांश इंचाने वाढल्या तर चेन बदलायची. ती वेळ टाळली तर झिजलेली चेन दात्यांनाही झिजवते, आणि मग नव्या चेनबरोबर फ्रीव्हील आणि पुढची चक्रीही घ्यावी लागते. स्वस्त दुरुस्ती लांबवून महाग कशी करावी, याचा हा उत्तम नमुना.

इतके भाग बदलल्यावर सायकल तीच राहते का? प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाबद्दल असाच प्रश्न नोंदवला आहे: अथेन्सवासी कुजलेल्या फळ्या बदलत राहिले, मग जहाज जुने की नवे? तत्त्वज्ञ अजून भांडत आहेत. सायकलीबाबत सरकारने निकाल देऊन टाकला होता. कराची पावती आणि नगरपालिकेचा बिल्ला मिळवताना, चोरीची फिर्याद देताना विचारला जाई तो फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. बाकी सारे बदलले तरी चालेल. फ्रेम तीच, तर सायकल तीच.

व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८च्या 'बायसिकल थीव्ज' या इटालियन चित्रपटात याचे भेदक चित्र आहे. सायकल चोरीला गेलेला अंतोनिओ मित्रांसह रोमच्या बाजारात जातो. तेथे फ्रेम, टायर, घंट्या, पंप यांचे वेगवेगळे ढीग लागलेले असतात. चोरलेली सायकल अखंड सापडणार नाही, ती तुकड्यांत विकली जाईल, हे सर्वांना ठाऊक असते. एक फ्रेम ओळखीची वाटते, पोलिसाला बोलावले जाते, क्रमांक तपासला जातो; तो जुळत नाही. जेथे सुटे भाग सोन्यासारखे जपले जातात, तेथे सायकल पुन्हा जोडणे जितके सोपे, तितकेच चोराला ती विरघळवून टाकणेही सोपे.

हे जग कशाने बदलले? बहुतेक लोक 'माणसे आळशी झाली' असे उत्तर देतात. ते चुकीचे आहे. आराखडा पुन्हा हलू लागला, हे मुख्य कारण. १९८०च्या दशकात डोंगरी सायकली लोकप्रिय झाल्या आणि जपानच्या शिमानो कंपनीने खटक्याने अचूक बदलणारे गिअर आणले. मागच्या चक्र्या पाचाच्या सहा, सहाच्या सात, वाढत वाढत बारा झाल्या. प्रत्येक टप्प्यावर चेनची रुंदी, खटक्याचे अंतर, चाकाचा हब बदलत गेला. पोलादाच्या जागी अ‍ॅल्युमिनिअम आले; ते हलके खरे, पण तडा गेल्यावर गल्लीतल्या वेल्डरला नीट जोडता येत नाही. छर्ऱ्यांच्या जागी बंद डबीसारखे बेअरिंग आले, जे उघडायचे नसते, फेकायचे असते. त्यातच कारखान्यात भाग स्वस्त झाले आणि माणसाचा तास महाग. १८९०च्या दशकातली स्थिती नव्या रूपात परत आली.

काही देशांनी हा तोल मुद्दाम बदलून पाहिला. स्वीडनने २०१७ मध्ये सायकल, पादत्राणे आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला, २०२२ मध्ये ६ टक्के केला आणि २०२३ मध्ये पुन्हा २५ वर नेऊन ठेवला. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, फ्रान्सने घरात पडलेली जुनी सायकल दुरुस्त करून घेणाऱ्याला ५० युरोंची मदत देणे सुरू केले. इंग्लंडने जुलैअखेरीस ५० पौंडांची कुपने काढली. पहिल्या ५० हजार कुपनांसाठी एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळच कोलमडले.

तळघरांतून, कोठारांतून धूळ खात पडलेल्या सायकली दुकानांत आल्या. मिस्त्री होते, गिऱ्हाईक होते, पैसेही होते. पण आशियातील कारखाने साथीमुळे आधी थांबले होते आणि मग जगभरच्या मागणीखाली दबले होते. पुढचे कित्येक महिने दुकानांपुढे अडचण होती ती सुट्या भागांचीच.